खुंटीवरचा ढोल

सोबन पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कायमचा घरी आला, तेव्हा त्याच्या आईने, बिंदुलीने, गेलेल्या नवऱ्याचा ढोल खुंटीवरून काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकला. नवरा डोंगरातल्या सिलोली गावचा वाजंत्री होता; ढोल वाजवणं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच जातीकडे होतं. गावातला जो पोरगा पलटणीत निघे, त्याला तो खालच्या मोटाररस्त्यापर्यंत वाजवत पोचवायचा. स्वतःच्या पोराला पोचवताना मात्र त्याचे हात अर्ध्या उतारावरच थांबले होते. तेव्हापासून बिंदुलीला धड झोप नव्हती. आता पोरगा शेजारच्या खोलीत घोरत असे, तरी ती उठून त्याचं पांघरूण चाचपून यायची.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात जुन्या फौजींना खुर्च्या मांडल्या. सोबनच्याही गळ्यात हार पडला. शेजारी बसलेल्या सुभेदार कुंदनसिंहांनी सगळ्यांना सांगितलं, की बर्फात माझा पाय गेला होता, तेव्हा ह्याने मला पाठीवर घेऊन खाली आणलं. टाळ्या पडल्या. भिंतीआड उभ्या बिंदुलीला वाटलं, आता हा कुठे जात नाही.

चैत्रात सुभेदार वारले. सोबनने ट्रंकेतला कोट काढला, पदकं लावली, बूट घासले. अंगणात तिरडी उचलली तसा तो खांदा द्यायला वाकला. गावचे प्रधान, म्हणजे सरपंच, हिंमतसिंह, तेही माजी फौजीच, त्यांनी त्याचं कोपर हलकेच धरलं. धाकट्या भावाला सांगावं तसंच बोलले.

"भुला, खांद्याला माणसं आहेत. ढोल कुठंय? साहेब काय मुक्यानं जाणार?"

"दिदा, मी त्यांना पाठीवर वाहिलंय," सोबनही थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला.

"ते तिकडं, पलटणीत. तिकडं सगळं चालतं."

मागून कुणीतरी म्हणालं, पदकं राहू दे की, ढोलावर शोभतील. दोघेतिघे हसले. तिरडी खांद्यांवर खोळंबली होती आणि सोबन जागचा हलत नव्हता.

लांब बायकांत उभी बिंदुली हे बघत होती. पाणी वरच्या जातीच्या वस्तीतलं, वाट त्यांच्या शेतातून, सरपणाचं रान त्यांचं. पोरगा हट्टाला पेटला तर गावात राहायचं कसं? ती धावत घरी गेली, माळ्यावरचा ढोल ओढून काढला आणि आणून त्याच्या पायाशी ठेवला.

"वाजव रे. आजच्यापुरतं. आपल्याला इथंच राहायचंय."

सोबनने प्रधानांकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं. मग ढोलाचा पट्टा पदकांवरून गळ्यात घातला आणि नदीपर्यंत वाजवत गेला. हात बापाचाच, एक ठोका चुकला नाही. सुभेदारांची पाठवणी झकास झाली, असं गाव म्हणालं.

संध्याकाळी त्याने ढोल पुसून जुन्या खुंटीला टांगला आणि ट्रंक भरायला घेतली. देहरादूनला एका सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी हवा होता, त्याला होकार कळवला म्हणाला. बिंदुलीने विनवण्या केल्या, प्रधानांना बोल लावले, स्वतःला लावले. सोबन बुटांच्या नाड्या बांधत राहिला.

"ते म्हणत होते तोवर मला नाही म्हणता येत होतं, बोई. मग तू म्हणालीस."

सकाळी ती त्याच्यामागून मोटाररस्त्यापर्यंत उतरली. बसमध्ये चढताना तो तिच्या पाया पडला.

तो आता येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकतो. तिथे ना सीमा, ना बर्फ. तरी बिंदुली मोबाइल उशाशी घेऊन जागीच असते. गावात लग्न निघालं की कुणीतरी अंगणात येऊन विचारतं, सोबन कधी येणार, ढोल आहे ना घरात? ती आहे म्हणते.