बांधावरचे गुलाबी पाय

गुलाबी लोशनची बाटली हलवली की ओल्या खडूसारखा वास येतो आणि मला आरमोरीकडचा एक बांध आठवतो. मी तेव्हा तिथल्या उपकेंद्रात नर्स होते. ऐन भाताच्या रोवणीत एक बाई आली, चिखलपाण्याने पाय खाजून लाल झालेले. मी लोशन दिलं आणि सांगितलं, "लावून दोन दिवस पाय कोरडे ठेवा." ती बाटली घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी लसीकरण आटोपून, थकून परतताना ती बांधावर दिसली. तिच्या टोळीतल्या आठही बाया पाय उन्हात पसरून जेवत होत्या आणि सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत गुलाबी होते. बाटली रिकामी पडलेली. मी वैतागून म्हटलं, "आता पुन्हा चिखलातच उतरणार ना?" "उतरावंच लागते, बाई," ती घास गिळत म्हणाली, "पन जेवन होयेपर्यंत तं खाज नाई येत." डबे झाकून त्या एकेक करत बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात उतरल्या, आणि गुलाबी रंग गढूळ पाण्यात विरघळून गेला. लोशन मी आजही देते. पाय कोरडे ठेवा, एवढं मात्र आता माझ्याने म्हणवत नाही.