अकरा मिनिटं आराम

मिस्त्री गाडीखाली शिरण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. सोबत एक पुठ्ठा आणि पेन्सिल. "मी बसलो का लिवून ठेवा. बसल्याचे पैसे मी घेत नाही."

मजुरी तासावर, आणि तास मोजायचे गिऱ्हाइकाने. असा गॅरेजवाला तुम्ही कुठे पाहिलाय का? मी तरी आमच्या नंदनवन वस्तीत हा एकच पाहिला.

आईची शाळेची व्हॅन आहे. गेल्या वर्षी तिचा गिअर पडेना. मिस्त्रींनी लिव्हरवर तळहात ठेवला, डोळे मिटले. "गिअरबॉक्स उतरवा लागते. उतरवाले तीन घंटे, चढवाले चार. घंट्याचे अडीचशे."

"सात तास?" आई ओरडली. "सोमवारी पोरं काय खांद्यावर नेऊ?"

"मले बलवा बाई. दोन मीबी उचलतो."

आई हसली आणि सोमवारपुरती दुसरी गाडी बघायला निघून गेली. घड्याळ माझ्या हातात आलं.

मला अनोळखी माणसांशी बोलणं जमत नाही. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे मराठी तोंडात अडखळतं. लिहिणं मात्र जमतं. मी लिहिलं: चहा, नऊ मिनिटं. फोन, चार मिनिटं. फोन त्यांच्या मुलीचा होता, कळमेश्वरहून. "जेवलो वं, जेवलो," असं ते तिला सांगत होते. डबा समोरच होता, न उघडलेला.

मग ते परत खाली गेले. "आता येते हे," खालून आवाज आला. "लेकरावानी छातीवर घ्या लागते."

धप्प झालं. उतरला वाटतं, मी मनात म्हटलं. त्यानंतर पान्याचा आवाज आला नाही. व्हॅनखालून त्यांचे पाय तेवढे दिसत होते, स्वस्थ. हाक मारावी का? काका म्हणावं की मिस्त्री? मी वाक्य जुळवत बसले. आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: आराम. पुढे मिनिटं वाढवत गेले. खरं सांगते, आईचे पैसे वाचताहेत म्हणून बरंही वाटत होतं.

चहावाली ग्लास न्यायला आली. सहज वाकली.

"अवं पोरी! बुढा बोलून काहून नाही राहिला?"

गिअरबॉक्स त्यांच्या छातीवर आडवा पडला होता. डोळे उघडे होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. चौघांनी मिळून तो बाजूला ओढला. मी घड्याळ धरून उभीच.

तीन बरगड्या मोडल्या. तिसऱ्या दिवशी आई मजुरी घेऊन दवाखान्यात गेली. मीही गेले.

"पुठ्ठा आणला?" मिस्त्रींनी विचारलं. वाचला. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"काका," मी म्हटलं, "ते काढून टाका. तुम्ही आराम करत नव्हता."

"मंग काय काम करून राहिलो होतो?" ते हसायला गेले, कळ आली. जरा थांबून आईला म्हणाले, "कापा बाई. पोरगी पक्की आहे तुमची. एक मिनिट नाही सोडलं."

ते खरंच कौतुक करत होते.

गॅरेजचं शटर तेव्हापासून उघडलेलं नाही. मुलगी त्यांना कळमेश्वरला घेऊन गेली. व्हॅन आम्ही टोचन लावून जरीपटक्याच्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने आकडा सांगितला, आम्ही दिला. घड्याळ कुणी दिलं नाही.

आमच्या मिस्त्रींचं घड्याळ मी त्यांच्या मुलीकडे सोपवलं. पुठ्ठा माझ्याकडे राहिला. आराम, आणि पुढे एक, दोन, तीन करत अकरापर्यंतचे आकडे, प्रत्येक नीट खोडून पुढचा लिहिलेला. अक्षर सुंदर आलंय.