घोड्यांचं गवत

नातवंडांनो, आपल्या मुरबाडच्या माळावरचं गवत मुंबईच्या शर्यतीच्या घोड्यांना जातं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. ते पाठवणारा माणूस आमच्या कुंपणापलीकडे राहतो. प्रत्येक भारा उघडून तो आधी नाकाशी धरतो. जरा कुबट वास आला की भारा बाजूला टाकतो. "घोडा बोलत नाय बाई. पोट दुखलं तर सांगल कोनाला?"

यंदा त्याचं निम्मं गवत पडून आहे, कारण तबेल्यातले घोडेच कमी झालेत. परवा म्हणाला, "लोक घरात बसून मोबाइलवर कॅसिनो खेळतात. शर्यतीला येतंय कोन?" मग सहज विचारलं, "तुमचा पोरगा परदेशात काय करतो?"

तुमचे बाबा तसलेच खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहेत. मी कुंपणाकडे बघत म्हणाले, "बँकेत आहे."

"बरा हाय. कोनाच्या पोटावर पाय तरी नाय देत." एवढं बोलून त्याने पडलेल्या गवतातला सगळ्यांत चांगला भारा निवडला, हुंगला आणि आमच्या गाईसाठी कुंपणावरून अलीकडे दिला.

मी तो घेतला, आणि वर त्याचे आभारही मानले.