वाऱ्याकडची जागा

कोरियातल्या जेजू बेटावरच्या त्या गावात पाणबुड्या बायकांची म्होरकी कोण, हे नवख्या माणसालाही विचारावं लागत नसे. किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटी पेटली, की वाऱ्याच्या बाजूला, जिथं धूर येत नाही, तिथं बसेल ती म्होरकी. तिथं बू चुन्जा बसायची. एकोणीस वर्षं बसली. एवढ्या वर्षांनी जागा आपली आहे की आपण जागेचे, हे माणसाला कळेनासं होतं.

बाई खरी होती, हे नाकारून चालणार नाही. कुणी बोटाच्या पेराएवढा शंख जाळीत टाकला, तर ती तो परत समुद्रात टाकायला लावायची, मग टाकणारी तिची सख्खी भावजय का असेना. आणि तिचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: जिची शीळ फाटली, तिनं खोल पाणी सोडायचं. बुडी मारून वर आलं, की कोंडलेला श्वास सुटताना शीळ वाजते, प्रत्येकीची वेगळी. ती फाटकी वाजायला लागली, की छातीत दम उरला नाही असं समजावं. मग किनाऱ्यालगतचं उथळ पाणी, म्हाताऱ्यांसाठीच राखून ठेवलेलं.

हा नियम तिनं पहिल्यांदा लावला तो यांग मल्सूनला. याच मल्सूनमावशीनं चुन्जाला लहानपणी बुडी शिकवली होती. भर शेकोटीवर, सगळ्यांच्या देखत चुन्जा म्हणाली, "मावशी, उद्यापासून तुम्ही उथळात. पाणी वय बघत नाही, नातं बघत नाही."

मल्सून उठली आणि धुराच्या बाजूला जाऊन बसली. त्या दिवशी बायकांनी चुन्जाला मान दिला, आणि चुन्जानं तो जरा जास्तच घेतला.

पुढं चुन्जा अडुसष्टची झाली आणि तिची स्वतःची शीळ फाटली. सगळ्यात आधी तिलाच कळलं. पूर्वी दोन शिळा झाल्या की ती परत बुडायची, आता पाच लागायच्या. जेवायला बसली की डोकं ठणकायचं. पण एवढा हंगाम जाऊ दे, माझ्यामागं यांना आवरणार कोण, असं ती स्वतःला समजावत राहिली. दुसरीला एका वाक्यात सांगितलेली गोष्ट स्वतःला सांगायला तिला तीन वर्षं पुरली नाहीत. वर ती इतरांपासून लांब बुडायला लागली, शीळ कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. लबाडीच ती, दुसरं काय?

पाण्यात जोडीनं जायचं, हाही तिचाच नियम. तिची जोडीदारीण ह्यॉन ग्यॉन्गही, चाळिशीची, नवरा बोटीसकट परत न आलेला, पदरी तीन मुली. मार्चमधल्या एका सकाळी ग्यॉन्गही नुकतीच वर आली होती, दमही पुरता घेतला नव्हता. बघते तर लांबवर चुन्जाचा जाळी बांधलेला तरंगता तुंबा नुसताच डोलतोय, चुन्जा कुठंच नाही. ती अर्ध्या श्वासावर तशीच खाली गेली. चुन्जाच्या मनगटाला दोरीनं बांधलेली, शिंपले उचकटायची लोखंडी पट्टी खडकातल्या शिंपल्याखाली अडकली होती, आणि ती सोडवण्याइतका दम तिच्यात नव्हता. ग्यॉन्गहीनं दोरी कापली, तिला ओढत वर आणलं. चुन्जा वाचली. ग्यॉन्गहीच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, आता बुडी कायमची बंद.

दहा दिवसांनी चुन्जा मल्सूनच्या अंगणात गेली. मल्सून समुद्रातलं शेवाळ वाळत घालत होती.

"मावशी, मी उथळात येतेय."

"ये की. पाणी काय माझ्या बापाचं आहे?"

"माझी शीळ तुम्हाला कळली नव्हती?"

"न कळायला काय झालं? तीन वर्षं ऐकतेय. सगळ्याच ऐकत होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

मल्सूनचे हात थांबले. "त्यांची तुझ्यापुढं छाती नव्हती. मी बोलले असते. पण म्हटलं, बघू तरी, मला सांगितलंस ते स्वतःला कधी सांगतेस. बघतच बसले. त्या पोरीच्या कानाचं अर्धं पाप माझ्या माथी आहे, चुन्जा. उरलेलं तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी चुन्जा शेकोटीपाशी धुराच्या बाजूला बसली. कुणी बस म्हणालं नाही, कुणी ऊठ म्हणालं नाही. वाऱ्याकडची जागा रिकामीच राहिली. ग्यॉन्गही आता किनाऱ्यावरच शेकोटी सांभाळायची. जवाच्या चहाची किटली घेऊन ती चुन्जाजवळ आली आणि वाटी भरायला वाकली.

"चुकलं माझं," चुन्जा खालच्या आवाजात म्हणाली.

ग्यॉन्गहीनं मान वळवून उजवा कान पुढं केला. "मोठ्यानं बोला, मावशी. डाव्या कानानं ऐकू येत नाही."

सगळ्या बायकांचे कान इकडं लागले. चुन्जाचा आवाज वाऱ्यातही खाडीपलीकडं पोचायचा, हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

"काही नाही," चुन्जा म्हणाली. "अर्धीच वाटी दे म्हटलं."