उंदरांची सोयरीक

लढाईच्या दिवसांत ज्वारी रेशनवर मिळायची आणि त्यातली मूठभर मी रोज उंदरांना घालायचो. सांगलीत आमच्या गल्लीत लोक तोंडावर हसत. "माणसाला भाकरी न्हाई, आन् मास्तर उंदरांच्या पंगती उठवत्यात!" मीही काही कमी नव्हतो. म्हणायचो, माझ्या उंदरांना निदान आपले आजे-पणजे ठाऊक आहेत, तुम्हाला आहेत का?

खरंच ठाऊक होते. मी कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला पांढऱ्या उंदरांच्या दोन जोड्या दिल्या होत्या. दोन्ही घराणी वेगळी ठेवायची, दर पिढीला सख्ख्या भावाला सख्खी बहीण द्यायची आणि वीस पिढ्यांची वंशावळ लिहून आणायची. असे एका रक्ताचे उंदीर औषधं तपासायला लागतात. हे जमलं तर मुंबईच्या प्रयोगशाळेत डॉक्टर माझी शिफारस करणार होते. मला दुसरं काही नकोच होतं. उंदरांची एक पिढी तीन महिन्यांची. चार वर्षं मी त्यापायी लग्नाचा विषय काढू दिला नाही, गावच्या जत्रेला गेलो नाही. घासलेटच्या डब्यांना जाळी लावून पिंजरे केले. पिल्लं दूध सोडायला लागली की त्यांच्या कानाला घराण्याची खाच पाडायची आणि वहीत नोंद करायची. सोळावी पिढी चालू होती.

घर आक्का सांभाळायची, माझी थोरली बहीण. तिला आमच्या सख्ख्या मामालाच दिलेली. आमच्या जतकडे तशी रीतच. लग्नात मी मामाच्या मांडीवर बसून बुंदी खाल्ली होती, आक्का परक्या घरी जात नाही म्हणून जाम खूश होतो. तिची तीन लेकरं पाळण्यातच गेली. पुढं मामाही गेला आणि ती माझ्याकडे आली. सकाळी पिंजऱ्यांतला भुसा तीच बदलायची.

बाराव्या पिढीपासून पिल्लं कमी व्हायला लागली. झाली तीही किडकिडीत, निम्मी डोळे उघडायच्या आत मरायची. आक्का मेलेलं पिल्लू तळहातावर घेऊन कितीतरी वेळ उभी राहायची. एकदा मी जेवत असताना तिनं विचारलं, "का रं मरत्यात ही?"

मला काय, व्याख्यानाला निमित्तच पाहिजे होतं. मोठ्या ऐटीत सांगितलं, "जवळच्या रक्तात लग्नं लावत गेलं की आत लपलेला दोष वर येतो. मरणारी मरतात, तगतील ती पक्की!" तिनं न विचारता ताटात आणखी एक भाकरी वाढली.

आणि पावसाळा सरताना चमत्कार झाला. एका वेळेला आठ-आठ पिल्लं, तीही गुबगुबीत! मी हरखून गेलो. वीण सावरली असं डॉक्टरांना पत्रही टाकलं. सकाळी चहा पिताना आक्काला ते सांगितलं, तर तिचा चेहरा फुलला.

"सावरणार न्हाई तर काय! सोयरीक मी जमवलीया."

"कसली सोयरीक?"

"ह्या घरच्या लेकी त्या घरी दिल्या, त्या घरच्या ह्या घरी. तू कान कापायच्या आधी, भुसा बदलताना. त्यांच्या आया बी काय बोलल्या न्हाईत, गुमान पाजलं."

मी कपबशी खाली ठेवली. "किती वेळा? कुठल्या कुठल्या?"

"काय की बाबा. दोनदा, तीनदा आसंल. सगळीच पांढरी, मला काय वळखू येत्यात?"

मलाही येत नव्हती. वही घेऊन पिंजऱ्यांसमोर बसलो. कानावरच्या खाचा वहीशी जुळत होत्या आणि तरी वही खोटी होती. कुणाचा बाप कोण, कुणाची आई कोण, सांगायला कोणी नव्हतं. उंदराला मांजर साक्ष म्हणतात. इथं साक्षीला मांजरसुद्धा नव्हतं. माझं काही म्हणजे काही चालेना. रडूच आलं, आणि मग राग.

"वाटोळं केलंस माझं!" मी ओरडलो. आजवर तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. "हा शहाणपणा तुला शिकवला कुणी?"

"तूच की," ती म्हणाली. "जेवताना."

ती भुशाचं सूप हातात धरून तशीच उभी होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजे माझी तिन्ही लेकरं... त्यापायीच गेली व्हय रं?"

सोळा पिढ्यांची वही माझ्या मांडीवर उघडी होती.

"छे गं," मी म्हणालो. "माणसांचं वेगळं असतं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "लबाड बोलताना तू कान चोळतोस," ती म्हणाली. "ल्हानपणापास्नं."

माझा हात कानावरच होता. तो खाली घेऊन आता काही उपयोग नव्हता.