डुरक्या जागेवरच होता

डुरक्या हरणासारखा ओरडायचा. हरीण ओरडतं हे भारतातून आलेल्या माणसाला आधी पटतच नाही. आपल्या डोक्यातलं हरीण म्हणजे टपोऱ्या डोळ्यांचं, घाबरट, मुकं जनावर. पण न्यूझीलंडमधल्या लाल हरणाचा नर मार्च-एप्रिलमध्ये माजावर आला की वळूसारखा डुरकतो, आणि ते ऐकून दुसरा नर त्याच्याशी भांडायला चालून येतो. इथले शिकारी गाईचं शिंग नाहीतर पाइपाचा तुकडा तोंडाला लावून तसा आवाज काढतात आणि नराला जवळ बोलावतात. डुरक्याला काहीच लागायचं नाही. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली की पोटाच्या तळातून त्याचा तो आवाज निघायचा आणि समोरच्या डोंगरावरून उत्तर यायचं. "आमच्या गावच्या वळूला मी असाच बोलवायचो, लेका," तो म्हणायचा. "इथं फक्त शिंगांना फांद्या जास्त."

हा माणूस पेशानं भूलतज्ज्ञ होता. इस्पितळात त्याचा आवाज इतका हळू असायचा की नर्सना पुढं वाकून ऐकावं लागायचं. "वर्षभर लोकांना झोपवतो आणि एप्रिलमध्ये जंगल जागं करतो," हे त्याचं स्वतःबद्दलचं आवडतं वाक्य. डुरक्या हे नाव मी ठेवलं. पुढं वेलिंग्टनच्या सगळ्या मराठी घरांत ते रूढ झालं, इतकं की त्याची बायकोसुद्धा फोनवर विचारायची, "भाऊजी, आमचे डुरके तुमच्याकडे आलेत का?"

मी तेव्हा वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होतो. आमची शिकारीची ओळख झाली ती कॉलिनमुळं. कॉलिन माझा गिऱ्हाईक. घरांची छपरं घालण्याचा त्याचा धंदा, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या घ्यायला तो यायचा. काउंटरवर उभं राहून डोंगराच्या गप्पा मारता मारता एका शनिवारी त्यानं मला बरोबर नेलं. मी डुरक्याला नेलं. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. आम्ही रीतसर लायसन्स काढलं, रायफली घेतल्या, आणि ज्याच्या सात पिढ्यांत कुणी उंदीर मारला नव्हता असा मी हरणामागं चिखलात सरपटू लागलो. "ह्याचा धंदाच गोळ्यांचा," डुरक्या कॉलिनला माझ्याबद्दल सांगायचा, पण इंग्रजीत त्यातली गंमत जायची आणि मग तो एकटाच हसत बसायचा.

डुरक्याचे काही नियम होते. ओरडायच्या दिवशी तो स्वतःची रायफल आम्ही डोंगरात मुक्कामाला असायचो त्या झोपडीतच ठेवायचा. कॉलिनला हे विचित्र वाटे. डुरक्या म्हणायचा, "मी हाक मारली म्हणून तो आला. माझ्या आवाजावर आलेल्या जनावरावर मीच बार टाकायचा? ते माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही मारा, मी रस्सा करतो." आणि रस्सा तो खरंच करायचा. घरून वहिनींनी बांधून दिलेला कांदालसूण मसाला, आणि झोपडीतल्या गॅसच्या शेगडीवर हरणाचं मटण. कॉलिनच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, पण तो ताटली पुढंच करत राहायचा. "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, म्हणायचा आणि शिंकायचा.

दुसरा नियम जागेचा. डुरक्या एकदा झाडाला पाठ टेकून बसला की उठायचा नाही. पाऊस येवो, पायाला मुंग्या येवोत, सँडफ्लाय नावाच्या इथल्या चावऱ्या माश्या मानेवर बसोत. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, थोडा सरकलास तर काय बिघडेल?" तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "पेशंटच्या डोक्याशी बसलेला माणूस उठून जात नाही. सर्जन कॉफी प्यायला जाईल, नर्स बदलेल. मी जात नाही. माझी सगळी लायकी तेवढीच आहे रे." त्याच्या धंद्याचा हा अभिमान होता. त्यानं तो कधी मिरवला नाही, म्हणून तो किती खोल होता हे कळायला मला उशीर लागला.

ह्याच दोन नियमांवरून कॉलिननं आमची पद्धत बसवली होती. हाक मारणारा जिथं बसवला तिथंच बसेल. बंदूकवाला आपली जागा सोडणार नाही, आणि समोर ठरलेल्या मोकळ्या पट्ट्यात संपूर्ण जनावर दिसल्याशिवाय बार टाकणार नाही. माजाच्या दिवसांत शिकारीच शिकाऱ्याच्या आवाजाला फसतो, माणसं मरतात. कॉलिनचा एक मित्र तसाच गेला होता. म्हणून तो सांगायचा, "जो जागेवरून हलेल त्याच्याबरोबर मी पुन्हा डोंगरात जाणार नाही. मग तो माझा भाऊ का असेना."

अशी तीन-चार वर्षं गेली आणि आमचं नशीब उघडलं. दक्षिण बेटाच्या टोकाला, फियोर्डलंडच्या जंगलात वापिटी आहेत. अमेरिकेत त्यांना एल्क म्हणतात. घोड्याएवढं जनावर आणि डोक्यावर झाडाएवढी शिंगं. तिथं शिकारीला जायचं तर चिठ्ठ्या टाकून जागा वाटतात. आमची चिठ्ठी निघाली. कॉलिननं दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर मला मिठी मारली. "वुई आर इन, मेट!" बाहेरच्या देशात एखाद्या कॉलिननं आपल्याला मनापासून 'मेट' म्हणावं ह्याची किंमत तिथं राहिलेल्यालाच कळेल. मला ती फार होती. पुढचं सगळं त्यातून झालं.

वापिटी डुरकत नाही, शीळ घालतो. एवढं धिप्पाड जनावर आणि आवाज बासरी फाटल्यासारखा, उंच चढत जाणारा. डुरक्याला नवीन विद्या शिकायची होती. फेरीबोटीतून उतरल्यापासून ते दक्षिणेच्या टोकापर्यंत सगळा रस्ता तो गाडीत मागं बसून शिट्ट्या घालत होता आणि प्रत्येक वेळी त्याला खोकला येत होता. "ओल्या चपलेसारखा आवाज येतोय," मी म्हणायचो. "थांब, येईल," तो म्हणायचा. जंगलात उतरेपर्यंत आला नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याची डुरकणी मी हजार हरणांतून ओळखली असती. शीळ मी त्याच्या तोंडून नीट कधीच ऐकली नव्हती.

हेलिकॉप्टरनं आम्हांला एका नदीकाठच्या झोपडीशी सोडलं. पहिले दिवस पावसात गेले. मग एका सकाळी ऊन पडलं. कॉलिन पहाटेच पलीकडच्या डोंगरधारेवर चढून गेला. ओढ्याकाठी एक भलामोठा बीच वृक्ष होता, शेवाळानं हिरवागार झालेला. डुरक्या मला म्हणाला, "मी ह्याच्या बुंध्याशी. तू खाली त्या पडलेल्या ओंडक्यामागं. समोरचा दरड कोसळलेला उघडा पट्टा तुझा. तिथं आला तर तुझा." मी मान डोलावली. त्यानं वहिनींनी विणलेली तपकिरी कानटोपी कानांवर ओढली आणि पाठ टेकून बसला.

मी ओंडक्यामागं बराच वेळ बसलो. मग वरून, डावीकडून, खऱ्या नराची शीळ आली. लांब होती. पट्ट्यात काही दिसेना. मनात आलं, तो धारेकडं गेला तर कॉलिनचा होईल. मला तो हवा होता. कॉलिननं मला पाठीवर थाप मारावी असं हवं होतं. मी उठलो. ओढ्यातून वाकून वर सरकलो, एका वळणावर दिशा चुकलो आणि मला ते कळलंही नाही. इतक्यात अगदी जवळून शीळ आली. शुद्ध, उंच, मोकळी. नेच्यांच्या पानांआड काहीतरी तपकिरी हललं. मी बार टाकला.

"अरे, मी आहे रे! मी आहे!"

तो मराठी आवाज त्या जंगलात कसा वाजला ते मला लिहिता येणार नाही. मी धावत गेलो. डुरक्या त्याच झाडाच्या बुंध्याशी, पाठ टेकून बसला होता. गोळी डोक्याच्या वर वीतभर खोडात घुसली होती. लाकडाच्या ढलप्यानं कान फाटला होता आणि मानेवरून रक्त उतरत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. घाबरलेला नव्हता. म्हणाला, "शीळ जमली म्हणायची."

कॉलिन धारेवरून घसरत खाली आला. आम्हां दोघांना पाहून त्यानं एकच प्रश्न विचारला, "कोण हललं?"

मी म्हणालो, "तो हलला. तो ह्या झाडाखाली बसणारच नव्हता."

झाड मला एकट्याला दाखवलेलं होतं. कॉलिनला माहीत असायचं कारण नव्हतं. डुरक्या माझ्याकडं बघत राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. इंग्रजी त्याला माझ्यापेक्षा चांगलं यायचं, पण त्या घडीला मराठीच आलं. अगदी हळू, इस्पितळातल्या आवाजात तो मला म्हणाला, "खरं काय ते सांग त्याला."

कॉलिननं मला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी म्हणालो, "सॉरी म्हणतोय."

डुरक्यानं डोळे मिटले. मग उघडले, पण माझ्याकडं पुन्हा पाहिलं नाही. कॉलिननं त्याच्या कानाला पट्टी बांधली, खांद्याला धरून उठवलं आणि झोपडीपर्यंत चालवत नेलं.

हेलिकॉप्टर यायला अवकाश होता. त्या दिवसांत डुरक्यानं रस्सा केला, भांडी घासली, पण हाक मारली नाही. एकदा कॉलिन पाणी आणायला गेलेला असताना मी म्हणालो, "तू का बोलत नाहीस? सांग त्याला तुझं." तो कांदा चिरत होता. म्हणाला, "मी बोललो तर तुझा शब्द आणि माझा शब्द. तो कुणाचा तरी एक खोटा धरेल. तू बोललास तर प्रश्नच मिटतो. मी थांबतो." कॉलिन पाणी घेऊन आला. मी बोललो नाही. तो खरंच थांबला होता, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. निघायच्या दिवशी हेलिकॉप्टरचा आवाज ऐकू आला तेव्हा त्यानं मसाल्याची उरलेली पुडी शेगडीजवळ ठेवून दिली.

पुढच्या मोसमात कॉलिननं त्याला बोलावलं नाही. मला बोलावलं. मी गेलो. आमच्याकडं पाइपाचा तुकडा होता, त्याच्यानं काही येत नव्हतं. कॉलिन एकदाच म्हणाला, "माणूस चांगला होता. हलला नसता तर." मी मान डोलावली.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान ते भ्यालेल्या माणसाचं खोटं राहिलं असतं. पण गणपतीच्या कार्यक्रमानंतर हॉलमध्ये कुणीतरी विचारलं, "काय हो, डुरके शिकारीला येत नाहीत हल्ली?" आणि मी गोष्ट सांगितली. डुरक्या जागा सोडून कसा भटकला, मला वापिटी कसा वाटला, कानटोपी कशी उडाली. कानटोपी उडाली नव्हती, ते मी पदरचं घातलं. लोक पोट धरून हसले. मग ती गोष्ट माझ्याकडं मागून घेतली जाऊ लागली. ती इस्पितळातही पोचली. ऑपरेशनच्या आधी सर्जन त्याला म्हणायचे, "डॉक्टर, आज हलू नका हं, पेशंट तुमच्या भरवशावर आहे." गमतीनंच म्हणायचे. ज्या माणसाची सगळी लायकी एवढीच होती, त्याला म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी त्यानं ख्राइस्टचर्चला नोकरी घेतली. मी स्वतःला आणि इतरांना सांगितलं, बघा, न सांगता गेला, इतक्या वर्षांची मैत्री आणि साधा निरोप नाही. मी रागावलो होतो. दगा त्यानं मला दिला, असं मला बरेच दिवस खरोखर वाटत होतं. माणूस स्वतःशी किती दूरपर्यंत खोटं बोलू शकतो ह्याचा मला तरी अंत लागलेला नाही.

एकदा कामानिमित्त तिकडं गेलो असताना रिकार्टनमधल्या भारतीय दुकानात तो भेटला. पोह्यांची पाकिटं चाचपून बघत होता. कानाच्या पाळीला खाच होती. "काय लेका, बरा आहेस?" म्हणाला. आम्ही मुलांच्या शाळा, भाव, गुडघे ह्यांवर बोललो. निघताना मी विचारलं, "ओरडतोस का अजून?" तो हसला. "नाही रे. हाक मारायची म्हणजे ऐकणाऱ्यावर भरवसा लागतो." त्यानं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. अजून थांबलाच होता. मी म्हणालो, "चल, फ्लाइट आहे."

मागच्या हिवाळ्यात तो गेला. मी प्रार्थनेला गेलो. त्याची मुलगी तिथंच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. सगळ्यांसमोर माझा हात धरून ती म्हणाली, "काका, प्लीज, बाबा हलला ती स्टोरी सांगा ना. ही वुड लव्ह दॅट." त्यातलं पहिलं वाक्य तिनं खटपट करून मराठीत जुळवलं होतं. समोर त्याचा फोटो होता. मी उभा राहिलो आणि गोष्ट सांगितली. कानटोपीसकट. लोक रडत रडत हसले. मुलगी सगळ्यांत जास्त हसली.

वहिनी हसल्या नाहीत. मी बूट घालत होतो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी मला परत आले त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. मुलीला सांगू दिलं नाही. म्हणाले, तो स्वतः सांगेल. आज त्यांच्यासमोर सांगाल, असं मला वाटलं होतं." आणि माझी छत्री माझ्या हातात दिली.

कॉलिन त्याच्या आधीच वारला, त्याला सांगायचं राहिलं. मुलीला मी गेल्या आठवड्यात फोन केला. सगळं मराठीत सांगितलं, सावकाश, तिला समजेल असं. पहिल्यांदाच मला मराठीत उत्तर मिळालं. "म्हणजे बाबा तिथंच होता?"

हो, बाळा. तिथंच होता, झाडाला पाठ टेकून, सांगितल्या जागी. हललो तो मी.