डोळ्यापासून अकरा मिलिमीटर

आखातातल्या मीना सलमान बंदराच्या एका गोदामात मी चौदा वर्षं स्टोअर सांभाळतो आहे. आलेल्या मालाचं माप घेणं हे माझं काम. सप्टेंबरात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून सीडरचं एक लाकूड आलं. लांबी सहा मीटर दहा सेंटिमीटर, पाठीकडून पोखरलेलं. मागोमाग ते कोरणारे एक कारागीरही आले. साठीचे, तिथल्या मूळ आदिवासी समाजातले. अशा टोटेमच्या खांबावर कुळाच्या खुणा कोरतात. आपल्याकडे देवक असतं, तसंच काहीसं. वरचा कावळा आणि मधला देवमासा ते घरीच कोरून आले होते. तळाच्या अस्वलाचं तोंड इथे पुरं करायचं होतं. ती त्यांच्या आजीच्या कुळाची खूण. मग खांब ईसा टाउनकडच्या एका बागेत कायमचा उभा राहणार होता.

पाहुणे थंड देशातले, म्हणून मी त्या भागातला एसी अठरावर लावून ठेवला, रात्रंदिवस. इथे आम्ही आलेल्याला आधी गारवा देतो, मग पाणी. पाचव्या दिवशी अस्वलाच्या जबड्यापासून वर चढलेली भेग दिसली.

"एसी कोणी लावला?" त्यांनी विचारलं.

"मी. तुम्हाला उकडू नये म्हणून."

ते हसले नाहीत. "मला घाम आला तर मी पुसेन. हे लाकूड पावसात वाढलंय, कोरड्या हवेत फाटतं. भेगा पडणारच, पाठ त्यासाठीच पोखरतो. पण ही डोळ्यात गेली तर अस्वल आंधळं. आजीच्या कुळाचं आंधळं अस्वल मी परक्या मुलखात उभं करणार नाही. परत घेऊन जाईन."

एसी बंद केला. समुद्राकडचं शटर अर्धं उघडून ज्या दमट हवेला एरवी शिव्या देतो तीच आत घेतली. खांबाभोवती दोऱ्या बांधून ओली गोणपाटं टांगली. भेगेच्या टोकापासून डोळ्याच्या आखलेल्या रेषेपर्यंतचं अंतर मी रोज सकाळी सात वाजता आणि सुटताना मोजू लागलो. पहिल्या सकाळी एकतीस मिलिमीटर. दुसऱ्या सकाळी चोवीस. मग एकोणीस.

आमचा फोर्कलिफ्टवाला रत्नागिरीचा. तो म्हणाला, "साहेब, लाकडाला ताप आलाय काय? थर्मामीटर आणू?"

घरी बायको वाढताना विचारायची, "अहो, अस्वल जेवलं का?" आणि मुलगी मोबाइलमधून मान वर न करता, "पप्पा, इट्स अ क्रॅक, नॉट अ पेशंट."

पंधरा. तेरा. अकरा. दुसऱ्या दिवशी अकरा. सलग नऊ दिवस अकरा भरल्यावर मी त्यांना वही दाखवली. त्यांनी स्वतः पट्टी लावून पाहिली आणि छिन्नी उचलली. डोळा त्यांनी त्याच दुपारी कोरायला घेतला. इतके दिवस त्याला हात का लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

नोव्हेंबरात खांब उभा केला. मी क्रेन ठरवून देतो म्हणालो, तर नको म्हणाले. त्यांच्याकडे तो माणसांनीच दोर ओढून उभा करायचा असतो. सेहेचाळीस माणसं लागली. फोर्कलिफ्टवाला सगळ्यांत पुढे, "यल्ला, यल्ला" ओरडत. मुलगीही ओढायला आली होती, तळहात सोलून घेतले तिने.

नंतर त्यांनी मला सगळ्यांसमोर बोलावून सीडरचा एक चमचा दिला. त्यांच्याकडे साक्षीदाराला भेट देतात. ती घेतली की जे घडलं ते लक्षात ठेवायचं आणि विचारेल त्याला खरं सांगायचं.

"एसीचंही?" मी विचारलं.

"एसीचं सगळ्यात आधी," ते म्हणाले, आणि या वेळी हसले.

तसं मी इथे सांगितलं. परवाच्या शुक्रवारी पट्टी घेऊन बागेत गेलो होतो, मुलगी सोबत होती. वाकून तिनेच आकडा वाचला. अकरा.